बंद मागाची पाहणी

मारुतीराव भित्रे आहेत, असं वडगावात कुणीही सांगेल. ते स्वतःही नाकारणार नाहीत, कारण नाकारायचीही त्यांना भीती वाटते. देवळात शिरताना एखादे वेळी ते चप्पल काढायला विसरतील, पण सरकारी कचेरीच्या पायरीवर कधीच नाही. शिपायाला ते 'साहेब' म्हणतात, कारकुनाला 'मोठे साहेब' म्हणतात, आणि खऱ्या साहेबासमोर गेले की त्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही.

अशा माणसानं सरकारी मदतीसाठी अर्ज करावा, हीच मुळात अनर्थाची सुरुवात. पण त्यांनी तो काही हौसेनं केला नव्हता. घरातला विजेचा माग दिवाळीपासून बंद होता. सूत देऊन साड्या विणून घेणाऱ्या शेटजींनी एक दिवस निरोप पाठवला, की परदेशातून तयार साडी येते ती आपल्या नुसत्या सुताच्या भावात पडते, तेव्हा तुमची साडी घेऊन मी काय तिची पूजा करू? मागावर अर्धी विणलेली साडी तशीच अडकून राहिली. मग एक भंगारवाला येऊन मागाभोवती फिरून गेला. तो बोलला काही नाही, पण त्यानं लोखंडावरून ज्या मायेनं हात फिरवला, ते मारुतीरावांना पाहवलं नाही. मदत मिळाली तर चार महिने तग धरता येणार होता आणि माग घरात राहणार होता. नाही मिळाली तर माग भंगारवाल्याच्या टेम्पोत चढणार होता.

योजनेची बातमी आणली सिद्रामआप्पांनी. सिद्रामआप्पा म्हणजे पलीकडच्या भिंतीचे शेजारी. त्यांचाही मागच, फक्त त्यांचे शेटजी वेगळे असल्यामुळे तो अजून चालू होता. त्यांना जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देता येतो, आणि फुकटचा असल्यामुळे तो परतही करता येत नाही. परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांना सरकार मदत देणार आहे, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "ह्यात तू बरोबर बसतोयस बघ, मारुती," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच काढलीया म्हणायची ही योजना."

कोपऱ्यावरच्या दिग्विजयच्या ऑनलाइन सेंटरात अर्ज भरला गेला. सीमाभागातलं गाव, त्यामुळे अर्ज कानडीत होता. मारुतीरावांना कानडी बोलायला फाडफाड येतं, पण छापील कानडी पाहिली की ती आपल्याला रागावते आहे असं त्यांना वाटतं. दिग्विजयनं एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. शेवटची ओळ अशी होती, की दिलेली माहिती खोटी आढळल्यास अर्जदार शिक्षेस पात्र राहील. मारुतीरावांनी दबकत विचारलं, शिक्षा म्हणजे कुठली?

"हिंडलग्याची जेल, आणि कुठली?" दिग्विजय कीबोर्डावरून मान वर न करता म्हणाला. "जवळच हाय की काका. घरचा डबा पोचतोय."

पोराची ती थट्टा होती. पण त्या दिवसापासून रस्त्यात हिंडलग्याची पाटी लावलेली बस दिसली, की मारुतीराव भिंतीकडे तोंड करून उभे राहू लागले.

पहिली ठेच कचेरीतच लागली. कारकुनानं विचारलं, काम कुणामुळे गेलं? मारुतीराव खरं बोलणारे. ते म्हणाले, थोडं सुरतेच्या मालानं गेलं आणि बाकीचं परदेशी मालानं. कारकुनानं पेन खाली ठेवलं. सुरत परदेशात येत नाही, हे त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. आपल्याच माणसांनी पोटावर पाय दिला तर त्याला मदत नाही. पाय परक्याचाच पाहिजे. मारुतीरावांनी घाईघाईनं सुरतेला माफ केलं आणि सगळा आळ परदेशावर टाकला. मग कारकून म्हणाला, ठीक आहे, पुरावा आणा. ज्या साडीनं तुमची साडी मारली ती साडी नमुन्यासाठी जमा करा.

आता ती साडी आणायची कुठून? अख्खी गल्ली विणकरांची. घरोघरी विचारलं, तर प्रत्येक बाईनं गळ्याला हात लावून शपथ घेतली, की असलं कचकड्याचं लुगडं आपल्या ट्रंकेत शोधून सापडायचं नाही. सगळ्यांत मोठ्यानं शपथ घेतली ती मारुतीरावांच्या बायकोनं, जयाबाईंनी. आणि मग दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता, नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, की ट्रंकेत तळाला बघा. निपाणीच्या लग्नात त्यांनी जी मोरपंखी साडी नेसली होती आणि जी 'माहेरची' म्हणून सांगितली होती, तिच्या घडीत परक्या देशाचं नाव छापलेली पट्टी होती.

मारुतीरावांनी ती साडी उलगडून हातात घेतली. बोटांना कळत होतं, की हिच्यात सुताचा एक धागा नाही. "तुमी इनलेलीच जन्मभर नेसली की मी," जयाबाई म्हणाल्या. "एकदा हलकी नेसावी वाटली. धुवाया सोपी हाय." त्यातलं बाकी सगळं मारुतीरावांनी गिळलं, पण 'धुवाया सोपी' हे त्यांना फार लागलं. तसल्या कपड्याशी आता कुठल्या तोंडानं भांडायचं?

कचेरीत कारकुनानं साडीचा पदर ओढला, त्यावर अर्जाच्या नंबराची चिठ्ठी ठेवली आणि स्टेपलरनं खाडकन ठोकली. साडी कपाटात गेली. ती परत मिळेल का, हे विचारायचं धाडस मारुतीरावांना झालं नाही. घरी येऊन हे सांगितल्यावर जयाबाईंनी ताट वाढलं, पण त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी थेट बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं तर मागाकडे बघून सांगत.

मग पत्र आलं, की साहेब पाहणीला येणार. अर्जदाराचा माग खरोखर बंद आहे की नाही, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मदत मंजूर होत नाही. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. माग बंदच होता. पण मारुतीराव रिकाम्या आकाशालाही घाबरणारे, त्यांना लगेच खोट दिसली. मधली भिंत एकच. सिद्रामआप्पांचा माग सुरू झाला की मारुतीरावांचा बंद मागही थरथरायचा, आडवा धागा नेणारा धोटा आपल्या पेटीत खडखडायचा. शिवाय वरच्या अंगाचे माग, खालच्या अंगाचे माग. त्या गल्लीत उभं राहून कुठला माग चालू आणि कुठला बंद हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. आणि खासबाग वस्तीत एका माणसाचा अर्ज तर साहेबांनी मोटारसायकलवरून न उतरताच नामंजूर केल्याचं ऐकिवात होतं. कारण काय, तर आवाज येतोय.

"त्यात काय अवघड हाय?" सिद्रामआप्पा म्हणाले. "साहेब येऊन जाईस्तवर समदी गल्लीच बंद ठेवू."

जयाबाईंच्या चहावर गल्लीची बैठक झाली. अडल्या माणसाला हात द्यायला कुणाची ना नव्हती. तासाभराचा तर प्रश्न. पिढ्यान् पिढ्या मागाच्या आवाजात म्हातारी झालेली माणसं त्या बैठकीला होती. पण त्यांच्यापैकी एकालाही ती एक गोष्ट आठवली नाही.

ती गोष्ट अशी. वीज गेली तर सगळ्याच गल्ल्यांचे माग थांबतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण आजूबाजूच्या गल्ल्या खडखडत असताना एकच गल्ली गप्प झाली, तर तिथं कुणीतरी गेलेलं असतं. मयत उचलेपर्यंत गल्लीतला कुणीही माग चालवत नाही. हे विणकरांच्या पाळण्यातल्या पोराला कळतं.

पाहणीच्या दिवशी दहाला गल्ली बंद झाली. थोड्याच वेळात शेजारच्या गल्लीतले दोघे खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि मारुतीरावांच्या दारात मान खाली घालून उभे राहिले. मग आणखी चौघे आले. मग बायका आल्या. कोण गेलं हे विचारायची रीत नसते. ते आपलं आपण समजून घ्यायचं. गल्लीत सगळ्यांत थकलेल्या म्हणजे मारुतीरावांच्या आई, यशोदाबाई. शिवाय पाहणीच्या धास्तीनं मारुतीरावांचा चेहरा पांढराफटक पडलेला. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

मारुतीरावांनी जीव तोडून सांगितलं, की आई आत बसली आहे, ठणठणीत आहे. मग माग का बंद, असं लोकांनी विचारलं. आता खरं कारण सांगावं तर ते चार तोंडांतून साहेबांच्या कानावर जाणार आणि बस हिंडलग्याला जाणार. "असंच," मारुतीराव म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. असंच माग बंद करणारा विणकर आजवर जन्माला यायचा होता. दुःखानं माणसाचं डोकं जागेवर नाही, असं म्हणून एकानं त्यांना हाताला धरून पायरीवर बसवलं आणि दुसरा तिरडीच्या बांबूच्या चौकशीला गेला. कुणीतरी बोरगावला, मारुतीरावांच्या बहिणीला, ताराबाईंना फोनही केला.

साहेब साडेदहाला येणार होते, म्हणजे दीड वाजता आले. कुलगोड साहेब आणि ताराबाई एकाच वेळी गल्लीच्या तोंडाशी पोचले. ताराबाई वडापच्या जीपमधून उतरल्या त्याच हंबरडा फोडत. त्यांचा आवाज मूळचाच मोठा, त्यात गल्ली मुकी. तो पार शेवटच्या घरापर्यंत गेला. गर्दीनं वाट करून दिली. कुलगोड साहेबांनीही हेल्मेट काढलं. हातात फाइल घेऊन मयताच्या घरात कसं शिरावं हे त्यांना कळेना, पण शेवटी बूट काढून, हात जोडून ते ताराबाईंच्या मागोमाग आत आले.

आत यशोदाबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत बसल्या होत्या. ताराबाईंनी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात मिठी मारली. आई जिवंत आहे हे त्यांना दिसत होतं, पण बोरगावपासून साठवून आणलेलं रडं असं मधेच आवरत नाही. म्हातारीला कानांनी कमी ऐकू येई. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात जोडून उभ्या असलेल्या साहेबांना विचारलं, "तू कुणाचा रं, बाबा?"

कुलगोड साहेब दचकून मागे सरले ते मागावरच आदळले. सावरल्यावर मात्र त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. हा काय खेळ चाललाय, मयत कुठं आहे आणि गल्लीतले सगळे माग कशासाठी बंद आहेत, हे त्यांनी आधी कानडीत आणि मग मराठीत विचारलं. मारुतीराव मनातल्या मनात कारण शोधू लागले. पाहणीसाठी बंद केले म्हणावं, तर सरकारची फसवणूक. मेलं कुणीच नाही. आता तिसरं कारण कुठून आणायचं?

ते सिद्रामआप्पांनी आणलं. "परदेशी माल, साहेब," ते दारातून म्हणाले. "त्यानं समदी गल्लीच बसलीया. लोकं रडाया आल्यात, ती त्यासाठीच."

कुलगोड साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दारातली गर्दी बघितली, उतरलेली तोंडं बघितली, हुंदके देणाऱ्या ताराबाईंना बघितलं, आणि त्यांचे डोळे पाणावले. मारुतीरावांना हे सगळ्यांत भयंकर वाटलं. साहेब घरोघर फिरले. प्रत्येक मागावर हात ठेवून त्यांनी 'बंद' असं लिहून घेतलं आणि एकट्या अर्जदाराऐवजी अख्ख्या गल्लीची शिफारस करतो म्हणाले. जाता जाता नियमही सांगितला. दुसरी पाहणी न सांगता होईल, ती उद्या होईल किंवा पुढच्या महिन्यात होईल. तोवर एक जरी माग चालू दिसला, तरी सगळ्या गल्लीनं खोटं सांगितलं असं धरलं जाईल.

पहिल्या दिवशी गल्लीनं सिद्रामआप्पांचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना शिव्या दिल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळा दोष मारुतीरावांचा ठरला. तान्ही पोरं झोपेनात, कारण मागाच्या आवाजाशिवाय झोपायचं कसं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मोठी माणसं जन्मभर मागावरून ओरडून बोललेली. माग थांबले तरी त्यांचे आवाज काही खाली येईनात. त्यामुळे प्रत्येक घरातलं भांडण प्रत्येक घरात ऐकू येऊ लागलं. सिद्रामआप्पांविषयी त्यांच्या बायकोचं काय मत आहे, ते सिद्रामआप्पांसकट सगळ्या गल्लीला कळलं. शेटजींची माणसं साड्या मागायला येऊन तणतणत परत जात होती. बटण दाबायची प्रत्येकाला इच्छा होती आणि कुणाची छाती नव्हती. लोक उंबऱ्यात बसून एकमेकांच्या घरावर पहारा देऊ लागले.

एक दिवस तो भंगारवाला परत आला, या वेळी भावाला घेऊन. आता तो नुसत्या मारुतीरावांच्या घरात शिरला नाही. तो गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे चालत गेला, दोन्ही बाजूंना बघत. त्याला कुणी हटकलं नाही. मारुतीराव खिडकीआड उभे राहून बघत होते. आपण एक माग वाचवायला निघालो आणि सगळी गल्ली तराजूत नेऊन ठेवली, असं त्यांना वाटलं.

त्यात यशोदाबाईंनी खाणं टाकलं. घरचा माग बंद पडल्यावरही भिंतीपलीकडच्या मागाची थरथर फरशीतून त्यांच्या अंगाला लागायची. ऐकू येत नसलं तरी ती त्यांना पुरायची. आता तीही थांबली होती. दुपारी मारुतीराव पेजेची वाटी घेऊन आईजवळ बसले. तिनं ओठ मिटून घेतले. मग म्हणाली, "मारुती, खरं सांगशील?"

"इचार की."

"मी गेले काय रं?"

मारुतीरावांना आधी हसू आलं. पण म्हातारीच्या तोंडावर थट्टेचं नाव नव्हतं. ती फरशीवर तळवा ठेवून बसली होती.

"माग बंद झालं. लोकं जमली. तारा माझ्या गळ्यात पडून रडली. त्यो सरकारी माणूस बी हात जोडून हुबा ऱ्हायला," ती एकेक गोष्ट जुळवत म्हणाली. "पर मयत उचलल्यावर माग सुरू करायचं असतंय. तुमी अजून केलं न्हाय. माझं काय करायचं ऱ्हायलंय म्हणून थांबलायसा?"

मारुतीरावांनी वाटी आईच्या दुसऱ्या हातात दिली. आजवर ते शिपायाला भ्याले, कारकुनाला भ्याले, बसच्या पाटीला भ्याले. पण असं भय त्यांना कधीच वाटलं नव्हतं. आई खरंच वाट बघत होती. आपलं काय राहिलं आहे ते कुणीतरी उरकून टाकावं आणि लोकांना कामाला लागू द्यावं, म्हणून.

ते उठले. आता काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मदत जाणार होती, आणि आज ना उद्या माग टेम्पोत चढणार होता. गल्लीचे शिव्याशाप मिळणार होते ते वेगळेच. ते मागापाशी गेले आणि अडकलेल्या साडीवरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं झटकली. मागे वळले तर जयाबाई सुताची कांडी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ती मागाकडे नव्हे, नवऱ्याकडे पुढं केली. मारुतीरावांनी कांडी धोट्यात बसवली आणि बटण दाबलं.

मुक्या गल्लीत तो एकच माग असा काही खडखडला, की लोक दारं उघडून धावले. सिद्रामआप्पा लालबुंद होऊन उंबऱ्यात आले, ओरडायला तोंड उघडलं, आणि आत पेजेची वाटी धरलेली म्हातारी त्यांना दिसली. ते तसेच मागे फिरले. थोड्या वेळानं मधली भिंत हादरली. मग वरच्या अंगाचा माग सुरू झाला, मग खालच्या अंगाचा. यशोदाबाईंनी फरशीवरचा तळवा उचलला आणि वाटी तोंडाला लावली.

सरकार एरवी कधी वेळेवर येत नाही, पण असल्या वेळी हटकून येतं. मारुतीरावांनी मान वर केली तेव्हा दारात कुलगोड साहेब उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. नेमका तेव्हाच ताण्यातला एक धागा तुटला. माग थांबवावा लागला, तसे साहेब पुढं झाले. मारुतीरावांनी, जे आजवर शिपायालाही कधी थांबा म्हणाले नव्हते, त्यांनी हात वर करून सरकारला थांबवलं. तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली, धागा फणीतून ओढून घेतला. मगच ते बोलले.

"साहेब, मी पात्र न्हाय. अर्ज माझा हुता, गल्लीला धरू नका. माझं नाव काढा."

कुलगोड साहेबांनी पेज पिणाऱ्या म्हातारीकडे बघितलं, थरथरणाऱ्या भिंतीकडे बघितलं. त्यांनी फाइल उघडली नाही. "काय लिहायचं ते मी बघतो," ते म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पण माग कशाला सुरू केलात हो? भीती नाही वाटली?"

मारुतीरावांनी दांडी ओढून माग पुन्हा सुरू केला. त्यांचे पाय लटलट कापत होते. पण माग चालू असला की त्या घरात फरशीपासून फडताळातल्या भांड्यांपर्यंत सगळंच कापतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.